खडकीचे रंगरूट

रावेतच्या बंधाऱ्यावर पवनेचं पाणी उचललं जातं, निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात जातं आणि तिथून पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. उरलेली नदी चिंचवड, पिंपरी, सांगवी करत दापोडीजवळ मुळेला मिळते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा बंदोबस्त नव्हता. पवना धरण १९७२ सालचं, त्यामुळे नदी पावसाळ्यात दुथडी भरून वाहायची आणि उन्हाळ्यात खडकाखडकांतून वाट काढायची. रावेत हे तिच्या काठचं शेतकऱ्यांचं गाव होतं. बास्केट ब्रिज, औंध-रावेत रस्ता, मुकाई चौकातली गर्दी यांतलं काहीच नव्हतं.

आपण या पट्ट्याचा इतिहास सांगताना हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून, म्हणजे १९५४ पासून सुरुवात करतो आणि मग बजाज, टेल्को असं पुढे जातो. त्याआधीची निदान ८५ वर्षं आपण सोडून देतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा आहे. त्याच सुमारास मुंबई इलाख्याची सॅपर्स अँड मायनर्सची पलटण खडकीला कायमची वस्तीला आली. महायुद्धात पश्चिमेला देहूरोडला लष्कराचे मोठे डेपो उभे राहिले. रावेतच्या एका अंगाला दारूगोळ्याची कोठारं होती आणि नदीच्या खालच्या अंगाला, पंधराएक किलोमीटरवर, सैनिक घडवण्याची जागा होती. हा लेख त्या दुसऱ्या जागेविषयी आहे. १९३९ ते १९४५ या काळात ‘रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स’च्या खडकी केंद्रात खेड्यापाड्यांतली पोरं भरती झाली, तिथे शिकली आणि तिथून आफ्रिकेपासून ब्रह्मदेशापर्यंत गेली. त्यांच्याविषयी आपल्याकडे फार कमी लिहिलं गेलं, याची मला मनापासून खंत वाटते.

सॅपर लढतोही, पण त्याचं मुख्य काम वाट करून देणं. नदीवर पूल बांधायचा, रस्ता दुरुस्त करायचा, शत्रूने पेरलेले सुरुंग काढायचे, आणि माघार घ्यावी लागली तर आपणच बांधलेला पूल उडवून द्यायचा. पायदळ पुढे सरकतं ते सॅपर आधी पुढे गेलेला असतो म्हणून. या कामात गवंडी, सुतार, लोहार, फिटर यांची गरज बंदूकवाल्याइतकीच असते, म्हणून हे केंद्र छावणीही होतं आणि कारखान्याची शाळाही.

युद्ध सुरू झालं तेव्हा हिंदी फौज जेमतेम दोन लाखांची होती. १९४५ पर्यंत ती २५ लाखांवर गेली. सक्तीची भरती नव्हती, सगळे आपल्या पायांनी आले. पण आपल्या पायांनी येणाऱ्याच्या पाठीशीही काही कारणं असतात. कोकणातल्या दोन गुंठ्यांवर चार भावांची पोटं भरत नव्हती. साताऱ्याच्या माणदेशात पाऊस पडला तर पडला. घाटावर काही गावांत घराण्यांची परंपराच फौजेची होती. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं, कारण पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. युद्धाच्या सुरुवातीला साध्या शिपायाला महिन्याला १६ ते १८ रुपये मिळत. गोऱ्या शिपायाच्या पगारापुढे ते काहीच नव्हते, पण गावाकडे नियमाने पोचणाऱ्या मनीऑर्डरीचं मोल ज्या घराने जाणलं त्याला हे सांगावं लागत नाही.

१० जुलै १९४० रोजी या केंद्रात एक २२ वर्षांचा तरुण दाखल झाला. नाव रामा राघोबा राणे. जन्म कारवारजवळच्या चेंडिया गावचा, वडील पोलीस शिपाई. वडिलांच्या बदल्यांमुळे शिक्षण जिथे मिळेल तिथे झालेलं. १९३० च्या कायदेभंगाच्या लाटेने या मुलालाही ओढलं होतं, तेव्हा वडिलांनी काळजीपोटी बिऱ्हाड गावी हलवलं. दहा वर्षांनी तोच मुलगा सरकारच्या फौजेत उभा होता. यात विसंगती शोधणाऱ्यांनी त्या काळातली घरं आठवावीत. एकाच घरात एक भाऊ तुरुंगात आणि दुसरा पलटणीत असणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती.

रंगरुटाचा दिवस बिगुलाने सुरू व्हायचा. उठायचं, बिछाना ठरल्या घडीत घालायचा, दाढी, पीटी, मग कवायत. पायांत पहिल्यांदाच जड बूट आलेल्या पोराला ते सांभाळणंच मोठं काम असे. पोटऱ्यांवर पट्ट्या गुंडाळायच्या त्या ना सैल ना घट्ट. सैल झाल्या तर परेडवर सुटायच्या, घट्ट झाल्या तर पाय बधिर व्हायचा. शिकवणारे उस्ताद बहुधा हवालदार किंवा नायक असत, आणि त्यांचा शब्द रंगरुटासाठी गोऱ्या साहेबाच्या शब्दाहून जड होता. साहेब लांबून दिसे, उस्ताद दिवसभर डोक्यावर असे. त्यांच्या वर जमादार, सुभेदार आणि सगळ्यांच्या वर सुभेदार-मेजर. हा हिंदी अधिकाऱ्यांचा थर नसता तर खेड्यातला मुलगा आणि इंग्रजी बोलणारा कप्तान एकमेकांना कळलेच नसते.

भाषेचाही प्रश्न होता. फौजेची बोली हिंदुस्थानी आणि लिपी रोमन. साताऱ्याचा मराठा, पंजाबचा शीख आणि पोटोहारचा मुसलमान अशा तिघांना एकच हुकूम कळायला हवा, म्हणून ही सोय. ज्याने गावच्या शाळेत मोडकीतोडकी बाराखडी गिरवली होती तो आता एबीसीडीत हिंदुस्थानी लिहू लागला. फौजी शिक्षणाच्या परीक्षा पास झाल्याशिवाय बढती नव्हती, त्यामुळे दमलेल्या अंगाने संध्याकाळी पाटी धरावीच लागे. कितीतरी मराठी माणसं खऱ्या अर्थाने साक्षर झाली ती छावणीत. ही गोष्ट मला त्या काळातल्या कुठल्याही पदकाइतकी मोठी वाटते.

कवायत संपली की खरं सॅपरचं शिक्षण सुरू व्हायचं, आणि त्याची सुरुवात होई खोदण्यापासून. पिकाव, फावडं आणि मोजलेला खंदक. शेतकऱ्याच्या मुलाला वाटे, हे तर आपण घरीही करत होतो. पण इथे मातीची भिंत किती तिरकी ठेवायची, उपसलेली माती कुठल्या बाजूला टाकायची, अंधारात आवाज न करता कसं खोदायचं, याला नियम होते. मग दोरखंड. दोन वाशांना धरून ठेवणारी गाठ वेगळी, ओढ पडली की आवळणारी वेगळी, आणि ओढ सुटताच मोकळी होणारी वेगळी. डोळे मिटून गाठ मारता आली पाहिजे, कारण पूल बहुतेक वेळा रात्रीच बांधायचा असतो.

पुलाचा सराव मुळेच्या पात्रात व्हायचा. होड्या रांगेत उभ्या करून वर फळ्या टाकायच्या, तराफे बांधायचे, वल्ही मारायला शिकायचं. ज्यांना पोहता येत नव्हतं त्यांना आधी पोहायला शिकावं लागे. माणदेशातल्या पोरांनी इतकं पाणी एका जागी क्वचितच पाहिलेलं असायचं. युद्धाच्या उत्तरार्धात बेली पूल आला आणि सगळी पद्धतच बदलली. इंग्लंडच्या डोनाल्ड बेलीने काढलेला हा पोलादी पूल म्हणजे एकसारख्या चौकटींची जोडणी. एक चौकट १० फूट लांब, ५ फूट उंच, वजन सुमारे २६० किलो. सहा माणसांनी ती उचलायची, खीळ लावायची, पुढची आणायची. क्रेन लागत नाही, मोठी यंत्रं लागत नाहीत. एका काठावर जोडत जायचं आणि रुळांवरून पलीकडे ढकलत न्यायचं. सहा जणांनी एका दमात उचललं नाही तर वजन एकाच्याच खांद्यावर येतं, त्यामुळे ‘उठाव’ म्हणताच सगळ्यांचे गुडघे एकाच क्षणी सरळ व्हावे लागत. सहापैकी एखादा शीख, एखादा मुसलमान, बाकी मराठे असतील तरी वजन सगळ्यांना सारखंच लागे.

पण सॅपरची खरी परीक्षा सुरुंगाची. युद्धाच्या पहिल्या वर्षांत सुरुंग शोधणारं यंत्र हाती नव्हतं. पोलिश अधिकारी कोसाट्स्की याने बनवलेलं यंत्र वापरात आलं ते १९४२ मध्ये. तोवर संगीन आणि बोटं. रंगरुटाने पोटावर झोपायचं, संगीन तिरकी धरायची आणि इंचाइंचाने माती टोचत पुढे सरकायचं. सरळ टोचली तर टोक सुरुंगाच्या माथ्यावर बसतं आणि तो दबला की संपलं. तिरकी टोचली तर ते त्याच्या कुशीला लागतं. खडा लागला तर एक आवाज, लोखंड लागलं तर दुसरा, मुळी लागली तर तिसरा. हाताला हा फरक कळेपर्यंत सराव चालायचा. मग बोटांनी माती बाजूला करायची, खाली दुसरा सुरुंग जोडलेला नाही ना हे पाहायचं. आणि स्फोटकांच्या धड्यात एक नियम सगळ्यांना पहिल्या दिवशीच सांगितला जाई: वात पेटवली की चालत मागे यायचं, धावायचं नाही. धावणारा ठेचकाळतो. वातीची लांबी मोजून कापलेली असते, तिच्यावर विश्वास ठेवायचा.

या शिक्षणाचा पहिला मोठा दाखला १९४१ च्या सुरुवातीला मिळाला, तोही सुदान-अबिसीनियाच्या सरहद्दीवर. बॉम्बे सॅपर्सच्या २१ फील्ड कंपनीत सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत नावाचा तरुण होता. राणे ज्या १९१८ साली जन्मले त्याच साली जन्मलेला, पण डेहराडूनच्या फौजी शाळेतून अधिकारी झालेला. मेतेम्मातून पळणाऱ्या इटालियन फौजेने मागे रस्ताभर सुरुंग पेरले होते. ३१ जानेवारीपासून चार दिवस भगत पाठलागाच्या तुकडीच्या पुढे राहिले आणि ५५ मैलांच्या वाटेवर त्यांनी १५ सुरुंगक्षेत्रं शोधून मोकळी केली. दोनदा त्यांची गाडी खालून उडाली, स्फोटाने कानाचा पडदा फाटला, तरी दुसऱ्याला पुढे पाठवायला ते तयार झाले नाहीत. या युद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. हा सन्मान जाहीर झाला जून १९४१ मध्ये. चिलखती हल्ला नव्हे, किल्ल्यावर चढाई नव्हे, तर रस्त्यावरची माती वाचण्यासाठी मिळालेला हा सन्मान होता.

दरम्यान पुणे परिसर सगळाच युद्धाच्या तालमीत गेला. खडकवासल्याच्या तलावाच्या उत्तर काठावर ‘एचएमएस अँगोस्टुरा’ नावाचं एक खोटं जहाज उभारलं होतं. समुद्रातून किनाऱ्यावर उतरण्याचा सराव समुद्रापासून इतक्या दूर, घाटमाथ्यावर चालायचा. पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी ती जागा निवडताना या जुन्या तळाचाही विचार झाला.

या सगळ्यात पुणे शहर मात्र दुसऱ्याच लढाईत होतं. ऑगस्ट १९४२ पासून मे १९४४ पर्यंत गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. महादेवभाई तिथेच गेले, कस्तुरबाही तिथेच गेल्या. खडकीच्या परेड मैदानापासून ही जागा काही मैलांवर. २४ जानेवारी १९४३ रोजी पुणे कॅंपातल्या कॅपिटॉल चित्रपटगृहात बॉम्बस्फोट झाला, त्यात गोरे सैनिक मारले गेले. या कटातले भास्कर कर्णिक लष्कराच्या दारूगोळा खात्यातच नोकरीला होते आणि स्फोटकं तिथूनच बाहेर काढली गेली होती. पकडले गेल्यावर साथीदारांची नावं तोंडून निघू नयेत म्हणून कर्णिकांनी फरासखाना पोलीस चौकीत विष घेऊन प्राण दिले. खडकी-देहूरोडच्या या पट्ट्यात एका बाजूला पोरं स्फोटकं हाताळायला शिकत होती आणि दुसऱ्या बाजूला एक तरुण तीच स्फोटकं राज्याविरुद्ध वळवत होता. दोघांपैकी एकाला देशभक्त आणि दुसऱ्याला पोटभरू ठरवून मोकळं होणं मला मान्य नाही. रंगरूट फितूर नव्हता. त्याने खाल्ल्या मिठाची आण घेतली होती, आणि पुढे पाच-सहा वर्षांत त्याच शिक्षणावर स्वतंत्र देशाची सरहद्द राखली गेली.

भरतीच्या रांगेत कोणाला उभं राहू द्यायचं हाही त्या काळचा मोठा झगडा. महार सैनिकांनी १ जानेवारी १८१८ ला कोरेगावच्या लढाईत पराक्रम केला होता. तरीही १८९० च्या दशकात ‘लढाऊ जातीं’च्या सिद्धांताखाली त्यांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. पहिल्या महायुद्धात १११ महार ही पलटण उभी राहिली, पण युद्ध संपल्यावर ती मोडली. दुसऱ्या युद्धात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुन्हा लावून धरला. ते स्वतः सुभेदाराचे चिरंजीव, महूच्या छावणीत जन्मलेले, त्यामुळे फौजेची नोकरी एखाद्या घराला काय देते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं: पगार, पेन्शन, शाळा आणि ताठ कणा. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, दुसरी कामठीला. त्यांच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. देहूरोडशी बाबासाहेबांचं नातं पुढे वेगळ्या कारणाने जुळलं. २५ डिसेंबर १९५४ रोजी, धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षं आधी, त्यांनी तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. रावेतहून देहूरोडला जाणाऱ्या प्रत्येकाने ते विहार एकदा तरी पाहावं.

राण्यांचं खडकीतलं शिक्षण संपलं तेव्हा ते तुकडीतले सर्वोत्तम रंगरूट ठरले आणि त्यांना कमांडंटची छडी मिळाली. लगेच नायक म्हणून बढती, आणि मग ब्रह्मदेशाची वाट. २६ व्या डिव्हिजनच्या २८ फील्ड कंपनीतून ते आराकानात लढले. डिव्हिजन मागे हटली तेव्हा बुथिडाँगला महत्त्वाची साधनं नष्ट करण्यासाठी त्यांच्या हाताखाली दोन तुकड्या मागे ठेवल्या गेल्या. काम झाल्यावर नौदलाची जहाजं येऊन त्यांना उचलतील असं ठरलं होतं. ते जमलं नाही. जपान्यांची गस्त चालू असलेली नदी त्यांनी आपल्या माणसांसह स्वतःच पार केली आणि डिव्हिजन गाठली. पाणी, होडी, दोर, अंधार. मुळेच्या पात्रातला सराव इथे उपयोगी पडला असणार. यासाठी त्यांना हवालदारकी मिळाली.

परत न आलेले पुष्कळ होते. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ ला पडलं तेव्हा सॅपर्सही कैदी झाले. खडकीच्या युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातले सोळाशेहून अधिक सैनिक पुरलेले आहेत. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेच्या फौजांतल्या सैनिकांचीही तिथे नोंद आहे. कोणाच्या युद्धासाठी कोण कुठून आलं आणि कुठे निजलं, हे तिथल्या दगडांवर वाचताना पाय अडखळतात.

१९४७ मध्ये छावणी दुभंगली. सहा जण मिळून चौकट उचलणाऱ्यांतले मुसलमान सॅपर पाकिस्तानच्या वाट्याला गेले. पिंपरीत सिंधी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. १९४३ मध्ये रुडकीला स्थापन झालेली लष्करी अभियांत्रिकीची शाळा १९४८ मध्ये दापोडीला आली, तेच आजचं सीएमई. आणि त्याच वर्षी खडकीचं शिक्षण पुन्हा एकदा कसाला लागलं, या वेळी आपल्याच देशासाठी.

राणे १५ डिसेंबर १९४७ ला सेकंड लेफ्टनंट झाले होते. काश्मीरच्या युद्धात ८ एप्रिल १९४८ ला नौशेराहून राजौरीकडे फौज निघाली. रस्त्यात सुरुंग आणि पाडलेली झाडं. काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. दोन सॅपर ठार, राण्यांसह पाच जखमी. राण्यांनी जखम बांधली आणि काम चालू ठेवलं. पुढे एका ठिकाणी मशीनगनच्या माऱ्यात ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले, हातातल्या दोराच्या झटक्यांनी चालकाला इशारे देत रणगाड्याबरोबर सरकत सुरुंगापर्यंत पोचले आणि तो काढला. १० तारखेला पाच पाइन वृक्ष आडवे टाकून, भोवती सुरुंग पेरून केलेला अडथळा त्यांनी दोन तासांत मोकळा केला. ११ तारखेला ते सतरा तास राबले आणि चिंगसपर्यंतचा रस्ता वाहता झाला. दुसऱ्या दिवशी भारतीय फौज राजौरीत शिरली. हयातीत परमवीरचक्र स्वीकारणारा पहिला माणूस एका पोलीस शिपायाचा मुलगा होता, आणि संगीन तिरकी धरायला तो खडकीत शिकला होता.